विमान शेडमध्येच राहील

६ ऑक्टोबर, सोमवार. हदगाव.
कॉलेजातून यायला संध्याकाळ झाली. ह्यांचं विमान सुरू करून बघितलं. लो व्होल्टेजचा लाल दिवा लागला तो विझेना. म्हणजे अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत नाही. ह्यांनी स्वतः बांधलं, ते असेपर्यंत एकदाही असं झालं नव्हतं.
धाकटे भाऊजी दारात. "वहिनी, दादा गेला. आता इमान कोण उडवणार? रविवारी ह्या शेडात सोयाबीन आणून राहिलो. भंगारवाल्याला सांगतो."
"चालू विमान भंगारात देत नसतात."
"चालू हाय कुठं?"
मी शेडचं दार ओढून घेतलं. रविवारपर्यंत बघू.

९ ऑक्टोबर, गुरुवार
रजा टाकली. अल्टरनेटर मांडीवर घेऊन एसटीने लातूर. ह्यांनी तिथूनच आणलेलं. शेजारची बाई, "पंपाचं हाय का?"
"विमानाचं."
तिने आपली पिशवी जवळ ओढून घेतली.
दुकानदाराने फिरवून बघितलं. "ताई, हे एकदम चांगलंय. खराबी दुसरीकडं बघा."
रडू नाही आलं. राग आला.

११ ऑक्टोबर, शनिवार
सापडलं. अल्ट. ज्या ब्रॅकेटवर बसतं, तिथे आतून हिरवा ऑइलपेंट. धातूला धातू टेकतच नाही, अर्थिंग कुठून मिळणार?
खंडेनवमीला नांगर, ट्रॅक्टर रंगवतात तसं मामांनी, माझ्या सासऱ्यांनी, हेही सोडवून रंगवलं. वर्षाच्या आत सण नाही, तरीही. लेकाचं अवजार तसंच राहू नये म्हणून.
पॉलिश पेपरने आतला रंग घासला. सुरू केलं. दिवा विझला!
मामा आले. "काय झालतं गं?"
"वायर ढिली होती, मामा."
"रंग बरा बसलाय न्हाई?"
"लई छान."

१२ ऑक्टोबर, रविवार
पोत्यांचा ट्रॅक्टर आला. मी इंजिन चालूच ठेवलं. भाऊजी ओरडून, "उडवणार कोण पण?"
"मी. शिकून घेईन."
"अन् पोती?"
"तुमच्या ओसरीवर."
मामा हसले. कितीतरी महिन्यांनी. भाऊजींनी ट्रॅक्टर वळवला. "पुढच्या रविवारी बघतो!" बघा.
भाऊजी, मामा त्यांच्या घरी गेल्यावर पुढचे दिवे लावले. लाल दिवा एकदा लुकलुकला. पुन्हा नाही. पट्टा सैल असेल, किंवा... उद्या बघते.
शेडला कुलूप घातलं. घरी येऊन एकटीपुरतं पीठ मळलं, दोन भाकरी थापल्या.