आईचा आषाढ

बाबा,

काल आईला म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टरांकडे नेलं. तुमच्या वेळी असे वेगळे डॉक्टर आपल्याला माहीत नव्हते. त्यांची वेळ मिळायला तीन आठवडे लागले आणि आईला तयार करायला आठ महिने. "मला काय झालंय? म्हातारी झालेय, त्यावर औषध असतं का?" हे इतक्यांदा ऐकलंय की मी झोपेतही म्हणून दाखवेन. दोनदा गॅसवर दूध ठेवून ती खाली भाजीवाल्या भैयाशी बोलत उभी राहिली. दुसऱ्यांदा शेजाऱ्यांना धूर दिसला. मी इकडे जगतपुऱ्यात, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला तुमच्या फ्लॅटमध्ये एकटी. माझ्याकडे राहायला ये म्हटलं की एकच उत्तर, "यांनी घेतलेलं घर आहे." तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी आमच्या प्रत्येक भांडणात तुम्ही तिच्याच बाजूला. शेवटी मीच म्हटलं, डॉक्टर सांगतील ते दोघींनी ऐकायचं. एकटी राहू शकते म्हणाले तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही म्हणाले तर तिने मुकाट्याने माझ्याकडे यायचं. ती हो म्हणाली, पण माझ्याकडे नाही, तुमच्या फोटोकडे बघून.

घरातली सगळी औषधं घेऊन या, असं दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं. आईने सगळी म्हणजे खरोखर सगळी आणली. कापडी पिशवी टेबलावर उपडी केली तर त्यातून तुमच्या छातीच्या गोळ्यांची अर्धी पट्टीही निघाली. डॉक्टर म्हणजे तिशीतली एक शांत मुलगी. तिने विचारलं, "ये किनकी हैं, माताजी?" आई म्हणाली, "साहब की." "वो भी साथ आए हैं?" मग ते मला सांगावं लागलं. आई नुसती म्हणाली, "फेंकने का मन नहीं हुआ." मला टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटत होतं आणि ती पदर सावरत, बँकेच्या मॅनेजरची बायको बसते तशी ताठ बसली होती.

डॉक्टर चांगली होती हो. तिने चार औषधं बंद केली. आईला खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं, दारापर्यंत चालवलं. मग प्रश्न सुरू झाले. हे शहर कोणतं, आपण कितव्या मजल्यावर आहोत, मघाशी सांगितलेल्या तीन वस्तू कोणत्या. आई धडाधड उत्तरं देत होती. मग डॉक्टरने विचारलं, "महीना कौन सा चल रहा है?"

आई म्हणाली, "आषाढ."

जुलै म्हणाली असती तर काम झालं असतं. पण नाही. डॉक्टरचं पेन थांबलं. तिथे येताना महादेवाच्या देवळासमोर सावनच्या सोमवारच्या गर्दीत आमची गाडी अर्धा तास अडकली होती. बायका पाण्याचे तांबे घेऊन रांगेत उभ्या होत्या. माझा पारा तेव्हापासूनच चढलेला. मी म्हणाले, "आई, असं काय करतेस? श्रावण लागला. आत्ता बघितलीस ना गर्दी?" डॉक्टरला कळावं म्हणून तेच पुन्हा हिंदीत म्हणाले.

आईने माझ्याकडे बघितलं. त्यानंतर काहीही विचारलं की एकच, "इसको पूछो, इसे सब मालूम है." घड्याळाचं चित्र काढायला कागद दिला, तर तिने पेन खाली ठेवलं. सध्या यांना एकटं ठेवू नका, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं डॉक्टरने लिहून दिलं.

लिफ्टमध्ये मला आठवलं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. कॉलनीतल्या सगळ्या बायकांनी अमावास्येला वड पुजला होता. आई पंधरा दिवसांनी, पौर्णिमेला, ताट आणि सूत घेऊन एकटीच निघाली आणि मी तिच्या मागे. पारावर बसलेल्या बायकांसमोर मी मोठ्याने म्हणाले, "आई, सगळ्यांचं कधीच झालं, तूच विसरलीस." त्या हसल्या. संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही मला समोर बसवलंत. आवाज चढवला नाहीत. "इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून त्यांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो, सणही मागेपुढे होतात. ती काही विसरली नव्हती. पुन्हा तिला चारचौघांत दुरुस्त करायचं नाही."

म्हणजे काल आईचं उत्तर बरोबर होतं, बाबा. अमावास्येपर्यंत तिचा आषाढच. लिफ्ट खाली पोचली तेव्हा मला हे पक्कं कळलेलं होतं. डॉक्टर वर तिसऱ्या मजल्यावर बसली होती. एक बटण दाबायचं होतं. मी आईचा हात धरला आणि गाडीकडे चालू लागले.

रागवा. पण फोन वाजला की शेजाऱ्यांचा तर नाही ना, हे दर वेळी मला बघावं लागतं, तुम्हाला नाही. दूध खरंच जळलं होतं. मी थकलेय, आणि मला हवा होता तो कागद माझ्या पर्समध्ये होता. तिने भांडायला हवं होतं. सबंध आयुष्य भांडली, कालच गप्प बसायचं काय अडलं होतं? आज सकाळी मी गेले तर ती कपाट रिकामं करत होती. टोमणा नाही, तुमचं नाव नाही. चिडायला तिने काही जागाच ठेवली नाही आणि त्यानेच मी दिवसभर चिडलेय.

हे कुठे पाठवायचं नाहीच. आईच्या हाती लागू नये म्हणून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवीन. एवढंच सांगायचं राहिलं. साडीची घडी घालता घालता तिने मला विचारलं, "खरंच लागला का गं श्रावण?"

मी हो म्हणाले.