घर दुष्काळाचे, रेल्वे पावसाची

मी, दिनकर किशनराव दुधाटे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटार रिवाइंडिंग, राहणार ताडकळस, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, पोटभर न्याहारी करून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने आपली जळलेली मोटार माझ्याकडून भरून न्यावी आणि चालवून पाहावी. माझ्यावर कोणाचा दाब नाही. चिरंजीव बजरंग याचा थोडा आग्रह आहे, पण तो मी मनावर घेत नाही, म्हणून धरू नये.

परभणीच्या वकीलसाहेबांनी मला बजावले आहे की मृत्युपत्रात फक्त स्वकष्टार्जित वस्तू लिहा, आणि प्रत्येक वस्तू कशी कमावली ते एका ओळीत द्या. एका ओळीत मला जमणार नाही. वकीलसाहेबांनी माफ करावे.

कलम १. वारस. पत्नी सुमनबाई हयात आहे. मी हे लिहीत असताना ती मागच्या खोलीत शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत आहे. मुलगा बजरंग माझ्याच दुकानात काम करतो. हात चांगला, धीर कमी. मुलगी राजेश्री गंगाखेडला दिलेली आहे. तिला धीर भरपूर आहे, तो तिच्या सासरी खर्च होतो.

कलम २. घर व दुकान. खाली दुकान, मागे राहायच्या खोल्या, वर गच्चीवर पत्र्याची खोली. ही वास्तू माझ्यामागे बजरंगची. सुमनबाईला मरेपर्यंत तिथे राहण्याचा हक्क आहे आणि स्वयंपाकघरात तिचाच शब्द चालेल. सूनबाईंनी याची नोंद घ्यावी.

हे घर दुष्काळाने बांधले. ज्यांना आमचा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती आमच्याकडे आणतो. आम्ही आतली जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरतो. मोटार जळते कधी? पाणी खोल गेले, वीज कमी दाबाने आली आणि शेतकऱ्याने तरीही तिला दामटले की. म्हणजे पाऊस जितका कमी, तितकी माझ्या दुकानापुढे रांग मोठी. आमची एक एक खोली एकेका कोरड्या सालात उभी राहिली. ज्या साली लातूरला रेल्वेने पाणी आणले त्या साली आमच्याकडे फरशी बसली. दिनकरने लोकांच्या तहानेवर घर बांधले, असे पारावर बोलणारे आहेत. साथ आली म्हणून डॉक्टरला कोणी बोल लावत नाही. त्या उन्हाळ्यांत मी जेवायचे ताट दुकानात मागवून मोटारी भरल्या आहेत, आणि बोलणाऱ्यांच्याही भरल्या आहेत.

कलम ३. हत्यारे आणि इतर. तार गुंडाळायचे मशीन, मीटर, बेअरिंग ओढायचा पुलर, सगळी हत्यारे बजरंगला. पुलर कोणालाही उसना देऊ नये. बँकेतली ठेव राजेश्रीला. बजरंगने तोंड वाकडे करू नये, त्याला घर मिळाले आहे.

माणिकराव यांस एक नवा कोरा स्टार्टर, म्हणजे मोटार चालू-बंद करणारी आणि तिला जळण्यापासून वाचवणारी पेटी. हे गृहस्थ गावातले मोठे बागायतदार. तीन फेजची मोटार दोन फेजवर चालवतात, दरवर्षी जाळतात आणि दरवर्षी माझ्याच दारात उभे राहून म्हणतात, "दिनकर, तुझ्या हाताला आता पयल्यासारखी कळ राह्यली न्हाई." माझ्यामागे तरी त्यांची मोटार जळू नये, आणि जळलीच तर खापर फोडायला मी नसेन, हे त्यांच्या लक्षात यावे, एवढाच हेतू आहे.

कलम ४. रेल्वे. इथून पुढे नीट वाचावे, कारण हे मृत्युपत्र मी मुळात याच्यासाठी लिहायला घेतले.

परभणीला रेल्वे आहे, पूर्णेला आहे, गंगाखेडला आहे. ताडकळसला नाही. आम्ही एसटीची वाट पाहणारे. म्हणून मी गच्चीवरच्या खोलीत स्वतःची रेल्वे केली. माझी लाइन परभणीहून निघते, ताडकळसला थांबते, गोदावरी ओलांडते आणि गंगाखेडला पोचते. सरकारच्या नकाशात ती नाही, त्याला माझा इलाज नाही. डबे तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे आहेत, इंजिनातली बोटभर मोटार मी स्वतः भरलेली आहे आणि ती आजवर जळलेली नाही. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात 'ताडकळस' लिहिलेले आहे. ती पाटी पहिल्यांदा उभी केली त्या दिवशी मी खाली येऊन उगाचच सगळ्या गल्लीला चहा पाजला होता.

आता वेळेचे सांगतो, कारण लोकांना वाटते हा माणूस सदा वरच असतो. माझा वेळ मी ठरवत नाही, हंगाम ठरवतो. पाऊस झाला, विहिरी भरल्या की शेतकरी मोटार बंद करतो, आणि बंद मोटार जळत नाही. मृगापासून दसऱ्यापर्यंत माझ्या दुकानात माशा. मग मी वर. पण पावसाळ्यात रूळ गंजतात, खालची फळी फुगते, वीज कधी येते कधी जाते. रोज सकाळी रॉकेलच्या बोळ्याने सगळी लाइन पुसायची, ट्रॅक्टरची जुनी बॅटरी जोडायची, मग कुठे गाडी परभणी सोडते. हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की रूळ आरशासारखे राहतात, गाडी नुसता हात लावला की पळेल. पण तेव्हा गव्हा-हरभऱ्याला पाणी सुरू, मोटारी जळायला सुरुवात, मी खाली. उन्हाळ्यात तर वरचा पत्रा असा तापतो की रूळ वाढून जागचे उखडतात आणि चिकटवलेली झाडे गळून पडतात. आणि मी दुकानात मान वर करत नाही. थोडक्यात, वेळ असतो तेव्हा हवा नसते, आणि हवा असते तेव्हा वेळ नसतो.

एखाद्या साली पाऊस दडी मारतो. तेव्हा श्रावणातसुद्धा मोटारी येतात, आणि वरच्या खोलीचे कुलूप निघत नाही. त्यामुळे घर वाढले त्या साली रेल्वे वाढली नाही, आणि रेल्वे वाढली त्या साली घराला साधा चुनासुद्धा लागला नाही. गावातल्या जाणत्या माणसाला वर नेले तर तो रेल्वे पाहून कोणते साल कसे गेले ते सांगेल. परभणीचे यार्ड ऐसपैस आहे, कारण तेव्हा लागोपाठ चांगला पाऊस झाला. ताडकळसचा प्लॅटफॉर्म कित्येक वर्षे अर्धाच होता, कारण मध्येच पावसाने ओढ दिली. गोदावरीचा पूल देखणा झाला, पण खाली नदी करायची वेळ आली आणि पाऊस उघडला. मी तिथे वाळू पसरली आणि खाली आलो. ती वाळू आजतागायत तशीच आहे. कोणी विचारले तर मी सांगतो की हा गोदावरीचा उन्हाळा आहे.

आता भांडण. बजरंगला वरची पत्र्याची खोली पाडून स्लॅब टाकायचा आहे. आणि रेल्वे खोलीतच बांधली गेल्यामुळे ती दारातून बाहेर निघत नाही. गेल्या महिन्यात तो मला म्हणाला, "बाबा, चार तुकडे करू न. ताईला दोन, मला दोन."

मी म्हणालो, "तुकडे केल्यावर ती गाडी राहती का रे?"

"मंग तुमी गेल्यावर ती चालवायलंय कोण? भंगारवाला बी पत्र्याचेच पैसे देईल."

बजरंग वाईट मुलगा नाही. त्याने खरा प्रश्न विचारला आणि तो मला लागला. मरणाची मला भीती नाही. पण माझे ताडकळस स्टेशन भंगाराच्या हातगाड्यावर उलटे पडून बाजारातून चालले आहे, असे डोळ्यांपुढे येते. म्हणून मी पहिल्या मसुद्यात रेल्वे आणि वरची खोली राजेश्रीच्या नावे लिहिली, आणि नियमाप्रमाणे पुढे 'स्वकष्टार्जित' असे लिहून तो मसुदा सगळ्यांना वाचून दाखवला. राजेश्री त्या दिवशी माहेरी आलेली होती.

सुमनबाईने मशीनचा पाय थांबवला. "काय म्हणलाव? परत वाचा."

मी वाचले.

"आवो, पावसाळ्यात तुमी कवा कमवायलते? दुकानात गिऱ्हाईक न्हाई, तुमी वर. चूल कशावर पेटायली? लेकरायच्या फिया, तुमचं ते इंजिन, रंगाच्या डब्या, कशावर?" आणि तिने मशीनवर हात ठेवला.

राजेश्री हसायला लागली. मला हसू आले नाही, कारण मला एकदम हिशेब दिसला, आणि हिशेब तिचा बरोबर होता. जूनमध्ये शाळा उघडतात, गणवेश येतात. मग पोळा, महालक्ष्म्या, दसरा, झंपरांचे ढीग. तिचा हंगाम पावसाचाच. माझे दुकान बंद असे त्या महिन्यांत घर तिच्या मशीनवर चालले, आणि रेल्वे त्याच महिन्यांत झाली.

कलम ५. वरील कलमातला मसुदा रद्द. चांगला कारागीर चुकलेली तार उलगडून पुन्हा भरतो, त्यात त्याचा कमीपणा नाही. मी विचारपूर्वक लिहून ठेवतो की गच्चीवरच्या खोलीतली रेल्वे, रूळ, गाड्या, पूल आणि स्टेशनांसह, माझी स्वकष्टार्जित नाही. ती सुमनबाईच्या कमाईतून झालेली असून तिच्या मालकीची आहे. जी वस्तू माझी नाही ती मी कोणाला देऊ शकत नाही. राजेश्रीलाही नाही, बजरंगलाही नाही, भंगारवाल्यालाही नाही. सुमनबाई तिचे जे करील ते मला मान्य आहे.

हे कलम मी फोनवर वकीलसाहेबांना ऐकवले. ते म्हणाले की असे कलम त्यांनी आजवर पाहिलेले नाही, पण चालेल.

घरात वाचून दाखवले तेव्हा सगळ्यांत खुश झाला बजरंग. "आई तर कवाची म्हणायली, ती आडगळ काढा म्हणून!" ते खरे होते. दर पावसाळ्यात जेवायला हाका मारून मारून ती तसेच म्हणायची. म्हणून त्याने विचारले तेव्हा मला वाटले, भंगारवाल्याला बोलावणे मीच लिहून दिले. "आई, मंग कवा काढायची?"

सुमनबाईने दोरा दाताने तोडला आणि ती म्हणाली:

"मी खाली मशीन मारायले आन् वर यांची गाडी वाजायली, की मला कळायचं, पाऊस झालाय, रानातल्या मोटारी गप हायत, आन् लोकं लेकरायला नवी कापडं घ्यायलेत. ज्या साली वर गाडी वाजली न्हाई, त्या साली माज्या मशीनला बी कापड आलं न्हाई. मला लय भ्या वाटायचं त्या सुनसानीचं. आडगळ म्हणते ते ताट थंड होतंय म्हणून म्हणते. तुकडे कशाचे करायलास रे?"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पन तुमाला एक सांगते. त्या पुलाखालची वाळू मला बगवत न्हाई. गाडी माजी हाय न? मंग आदी नदीला पानी करा."

इतकी वर्षे एका छताखाली राहून आम्ही एकाच पावसावर जगलो, मी वर आणि ती खाली, आणि ही गोष्ट मला मृत्युपत्र लिहायला बसल्यावर कळली. मला फार बरे वाटले. हे कायद्यात बसत नसेल तरी इथे राहू द्यावे.

कलम ६. अंमलबजावणी. बजरंगने स्लॅब राहायच्या खोल्यांमागच्या मोकळ्या जागेवर टाकावा. पत्र्याच्या खोलीला मालकिणीच्या परवानगीशिवाय हात लावू नये. नदीच्या पाण्यासाठी जे पारदर्शक रसायन लागते ते मी मागवले आहे. ते ओल्या हवेत बसत नाही, चिकट राहते. त्याला हिवाळाच पाहिजे. सबब, या पावसाळ्यात मी नदीचे काठ बांधून घेईन, आणि येत्या हिवाळ्यात दुकान बजरंगने एकट्याने चालवावे. हिवाळ्यात वर बसण्याची माझी ही पहिलीच वेळ असेल. मोटारी जळतील तर जळू देत. त्याचा हात चांगला आहे, हे मी वर लिहिलेच आहे.

नदी भरेपर्यंत या मृत्युपत्राची घाई कोणी करू नये. मीही करणार नाही. कागद कपाटात वरच्या खणात, साड्यांखाली राहील.

हे सर्व वाचून, समजून, कबूल होऊन सही केली.

ठिकाण: ताडकळस. दिनांक: १२ जून २०२५. बाहेर आभाळ भरून आले आहे.

सही: दिनकर किशनराव दुधाटे

साक्षीदार:
१. डॉ. योगीराज, आमचे नेहमीचे डॉक्टर. लिहिणाऱ्याची प्रकृती व बुद्धी तपासून सही केली. रक्तदाब थोडा जास्त, आनंदाने असावा.
२. माणिकराव, बागायतदार. लाभ घेणाऱ्याने साक्ष देऊ नये असे वकीलसाहेब म्हणाले, म्हणून कलम ३ मधला स्टार्टर त्यांना आजच हातात दिला व ते कलम तेवढ्यापुरते संपले. साक्षीदार म्हणतात की स्टार्टर साधा आहे.

वाचून पाहिले: सुमनबाई दिनकरराव दुधाटे, रेल्वेची मालकीण.
पाणी निळं करू नका. गढूळ करा, पावसातलं.