दाराशी घेतलेलं नाव

२४ नोव्हेंबर
पोहोचले एकदाची इंदूरला. नाशिकहून निघताना डोळे भरून आले होते, पण राजेंद्र नगरच्या घरी आल्यावर रडायला सवडच मिळाली नाही. माझी नणंद श्रिया दार अडवून उभी. नाव घे, मगच आत. मी निशांतचं नाव घेतलं, तर म्हणते, हे तर लग्नातलंच आहे वहिनी, जुना माल नहीं चलेगा. शेवटी सासूबाईंनीच तिला बाजूला सारलं. या घरात वरणावरही शेव घालतात. माझं छान जमणार इथे.

२९ नोव्हेंबर
निशांत सकाळीच सिमरोलला जातो, तिथल्या कॅम्पसच्या ऑफिसात. मग दुपार मला खायला उठते. म्हणून श्रियाने माझ्या लॅपटॉपवर एक फुकटातला गेम टाकून दिला. चित्र एकही नाही. आपण कुठे आहोत ते गेम लिहितो, काय करायचं ते आपण टाइप करायचं. 'दिवा उचल', 'जिना उतर' असं. एका वेळी एकच काम सांगायचं, एवढं कळलं की झालं, म्हणाली.

सुरुवातीलाच बंद दार. 'नाव सांगितल्याशिवाय कडी निघणार नाही.' मला हसू फुटलं. ठोकून दिलं:
पोह्यांवर घातली शेव, वर कोथिंबीर भरपूर,
निशांतरावांचं नाव घेते, कडी करा दूर.

कडी निघाली. 'आत ये, निशांत.' श्रिया पोट धरून हसली. अगं वहिनी, खेळणार तू आणि नाम दादाचं टाकलंस, आता भुगत, म्हणाली.

२ डिसेंबर
दुपारी गेममध्ये तळघर सापडलं. जिना उतरले, अंधार होता, तिथेच सोडून चहा करायला उठले.

संध्याकाळी निशांत सांगत होता, आज काय झालं कळेना, जेवणानंतर ऑफिसच्या बेसमेंटमध्ये जाऊन उभा राहिलो, चौकीदाराने हाताला धरून वर आणलं. आई म्हणाल्या, लग्नाची दगदग. मी गेमचं बोलले नाही. उगाच हसले असते मला.

७ डिसेंबर
रविवार. निशांत पेपर वाचत होता. माझी खोडी, दुसरं काय. 'ऊठ' टाइप केलं. तो उठला. 'दिवा उचल.' देवघरातली पेटती समई त्याने उचलली. मला मौज वाटली, मी त्याच्याकडे बघतच राहिले. तेल ओघळून त्याच्या मनगटावर आलं तरी त्याने समई सोडली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी धावत लॅपटॉपकडे जाऊन 'ठेव' लिहिलं, तेव्हा ठेवली.
मी गेम काढून टाकला.

८ डिसेंबर
निशांत पलंगाच्या कडेला बसून आहे. बोलत नाही. चहा समोर गार झाला. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे.
लॅपटॉप उघडला. गेम आहे तिथेच आहे. 'तुला तहान लागली आहे.'
'पाणी पी' लिहिलं. तो प्यायला.
'परत ये' लिहिलं. 'ही आज्ञा कळत नाही.'
'बाहेर पड.' 'बाहेर काही नाही.'

९ डिसेंबर
घास घे. चाव. गिळ. प्रत्येक वेळी. एकदा 'गिळ' राहिलं, तर घास गालात तसाच. आईंनी बोट घालून काढला. मला विचारलं, काय केलंस तू त्याला? मी म्हटलं, त्याचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, ते तर सगळ्याच घेतात गं.
मला झोप मिळावी म्हणून श्रिया बसली टाइप करायला. 'तू ती नाहीस.' पुढे काही चालेना.
आता पापणी मिटायचंही सांगावं लागतंय. डोळे लाल झालेत त्याचे. मी निजलेच नाही.

१० डिसेंबर
सकाळी — 'श्वास कोंडतो आहे.'
'श्वास घे.' घेतला. थांबला. पुन्हा लिहिलं.
श्रियाने ॲम्ब्युलन्स बोलावली आहे. निघालीये म्हणे. तोवर —
एक हात लॅपटॉपवर, एकाने हे लिहितेय, नाही तर डोळा लागतो. आई त्याचा हात धरून बसल्यात. निशांत, मला तू हवा आहेस रे. मला फक्त तू —
श्वास घे.
गाडी वळणावर आली, श्रिया सांगते. थोडंच —
श्वास घे.
श्वास घे.
आई ओरडताहेत. का ओरडताहेत, मी लिहितेय ना —
श्वास घे. श्वास घे. श्वा—
हे मी लॅपटॉपवर नाही, वहीत —