आबांच्या मळ्यावरचे ढग

४ मे, रविवार. फैजपूर.
सासुरवाडीला आलो. आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, केळीच्या मळ्याचा फोटो काढला. फ्रेम जबरदस्त, पण आकाश धुतलेल्या धोतरासारखं पांढरं. निसर्गाची चूक आपण सुधारायची. उद्यापासून रोज एक तास एडिटिंग शिकणार.

७ मे. धुळे.
शिकायला वेळ झाला नाही. गरजही पडली नाही. ॲपने एका बोटात आकाश बदललं. काळेकुट्ट ढग, एक वीज. मग आणखी एक वीज.

९ मे.
फोटो क्लबच्या ग्रुपवर फीडबॅक मागितला. ॲडमिन लीलाधर सर म्हणतात, उजेड जुळत नाही, केळीवर दुपारचं ऊन आहे आणि वादळात एकही पान हलत नाही. त्यांना स्वतःला तीन वर्षांत बक्षीस नाही, हे लक्षात घेतलं पाहिजे.

११ मे.
आबांचं मत घ्यायचं ठरवलं. लग्नाला सहा वर्षं झाली, आबांनी मला आजवर एकच प्रश्न विचारलाय: "जेवले का?" माणसाला जावयातला कलावंत दिसायला नको? बायको, मेघा, म्हणाली, आबांना असलं काही दाखवू नका. तिला कला कळत नाही.

१४ मे, बुधवार. सकाळी १०.४०.
आत्तेमेहुणी ऋतिकाचं, म्हणजे मेघाच्या आत्याच्या मुलीचं, लग्न, इथेच धुळ्यात. सगळे कार्यालयात, सगळ्यांच्या हातात फोन. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. कॅप्शन: 'आज आबांच्या मळ्यावर निसर्गाचं रौद्र रूप! प्रामाणिक फीडबॅक द्यावा.'

११.१०
आबा फोटो बघताहेत. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पूर्ण दोन मिनिटं! क्लबमध्ये एवढा वेळ कोणी दिला नव्हता.

११.१५
आबा उठून बाहेर गेले. भारावले असावेत. मी मठ्ठ्याच्या रांगेत.

१२.२०
मुहूर्त. नवरीच्या मागे उभा राहायला मामा नाही. मामा म्हणजे आबा. "मळ्यावर वादळ आलं" एवढं बहिणीला सांगून ते गाडी घेऊन फैजपूरला निघाले म्हणे. तिकडे मळ्यावरचा सालदार गडी झुलाल फोन उचलेना. मेघा म्हणाली, केळी कापणीला आलीय, अर्ध्या तासाच्या वाऱ्यात वर्ष आडवं होतं. आणि हेही म्हणाली की आता आबाही फोन उचलत नाहीत. शेवटी शेजारचे प्रेमराज मामा म्हणून उभे राहिले. ऋतिका मंगलाष्टकांत दोनदा मागे वळली.

संध्याकाळी ४.
आबा मळ्यात पोहोचले. आभाळ निरभ्र. मेघाला फोनवर म्हणाले, "पान हालत नव्हतं फोटोत. मले दिसाले पाहिजे होतं." माझ्याबद्दल काही नाही. थोडक्यात, फोटो अस्सल वाटला. लीलाधर सरांना कळवावं का? मेघा बोलत नाहीये.

१६ मे.
आबांची बहीण, म्हणजे ऋतिकाची आई कोकिळाआत्या, घरी आल्या. डोळे सुजलेले. चहा नको म्हणाल्या. "आभाळ बदलता येतं ना तुम्हाला? मग लग्नाच्या फोटोत माझा भाऊ तेवढा उभा करून द्या." पहिली ऑर्डर. आनंद मात्र झाला नाही.

२१ मे.
पाच दिवस, रोज दोन तास. प्रेमराज काढले, पण त्यांचा एक हात ऋतिकाच्या खांद्यावर राहिलाच. आबांचा फोटो माझ्याकडे एकच, मळ्यातला, उन्हात डोळे बारीक केलेला. मांडवाच्या सावलीत आबांच्या तोंडावर भर दुपारचं ऊन. उजेड जुळत नाही. हे मीच म्हणतोय.

२२ मे.
तरी फ्रेम करून घेतली. लांबून बरी दिसते. एक प्रत आत्यांना दिली. त्यांनी पदराने काच पुसली.

२५ मे, रविवार. फैजपूर.
दुसरी प्रत आबांना दिली. म्हटलं, प्रामाणिक मत सांगा. आबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. पुन्हा दोन मिनिटं.
"जवाईबापू, मी तठी मांडवात नव्हतो ना."
फ्रेम भिंतीकडे तोंड करून हळूच टेकवून ठेवली. मग विचारलं, जेवले का?
जेवलो नव्हतो. हो म्हणालो.