ताटाचा संशोधक

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
१२ फेब्रुवारी २००८

तीर्थस्वरूप दत्ताराममामांस उत्तमचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सर्व खुशाल, म्हणजे मी खुशाल. उर्मिला चार दिवस माझ्याशी बोललेली नाही.

झालं असं, की एका संस्थेने आमची सोसायटी 'लिव्हिंग लॅब' म्हणून निवडली. लिव्हिंग लॅब म्हणजे जिवंत प्रयोगशाळा. (बेडूक कोण, ते विचारू नका.) विकास आता वरून यायचा नाही, नागरिकांनीच तो शोधायचा, असं गच्चीवरच्या सभेत सांगण्यात आलं. वरून पाणीही येत नसल्याने आम्हाला ते लगेच पटलं. पाणीप्रश्नावर कल्पना लिहायला रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या सुगंधाकाकूंनी लिहिलं, 'रोज पाणी द्या.' यात नावीन्य नाही म्हणून चिठ्ठी बाद!

नावीन्य सापडलं ते आमच्या मोरीत. आमच्याकडे पाण्याची वेळ फक्त पाण्याला ठाऊक असते, म्हणून उर्मिला नळ उघडा ठेवून खाली स्टीलचं ताट पालथं घालते. पहिली धार पडली की असा ठणठणाट होतो, की अख्खा मजला हंडे घेऊन उठतो. तीन वर्षांत कुणाचं पाणी चुकलेलं नाही. संस्थेचे गोरे साहेब ते बघून इतके हरखले, की ताटाचेच फोटो काढत सुटले. काठावर कोरलेल्या अक्षरांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे नाव कुणाचं? आता ते ताट आपण आमच्या लग्नात आहेर दिलेलं. मी छाती फुगवून म्हणालो, "माय अंकल, सर!" उर्मिला शेजारीच हंडा भरत होती.

ताट परदेशी परिषदेला गेलंय, काचेच्या पेटीतून. छापील पत्रकात लिहिलंय, संशोधक : श्री. दत्ताराम, मीरा रोड. (आपण इथे एकदाच आलात आणि आंघोळीला पाणी नाही म्हणून संध्याकाळीच परतलात.) फोटोत उर्मिलेचा कोपरापासून खालचा हात आलाय. मी चूक दाखवायला गेलो तर म्हणाले, खुल्या संशोधनात कल्पना कुणा एकाची नसते. चूक माझीच आहे मामा, आणि मला तिची खरोखर लाज वाटतेय.

मामींना नमस्कार सांगावा.

आपला भाचा,
उत्तम

ता. क. सत्काराचं बोलावणं येईल. कृपा करून शाल घेऊ नका. डोकं भाचेसुनेचं आहे, असं लेखी कळवा.

ता. क. २ : हे लिहीत असताना पाणी येऊन गेलं. ताट नाही, त्यामुळे कुणालाच कळलं नाही. मजला कोरडा बसलाय. उर्मिला मात्र चार दिवसांनी पहिलं वाक्य बोलली : "मामांना लिहा, दुसरं ताट पाठवा. आणि ह्या वेळी नाव माझं कोरा."