कानबाईत वेगळा, पाहणीत एकत्र

संदर्भ :
१) सव्वा मूठ गहू.
२) कड चेपलेले स्टीलचे ताट.
३) आपली घरपाहणी, दि. १४ ऑगस्ट २०२५, प्रश्न क्र. ११.
४) रस्त्याकडची भिंत, नुकतीच रंगवलेली, आकाशी.
५) सन १९८२.

प्रति,
मा. पाहणी अधिकारी,
कुटुंब आर्थिक पाहणी कक्ष,
ता. धरणगाव, जि. जळगाव.

विषय : घर गरीब नसले तरी त्यातला एक माणूस गरीब आहे, ही नोंद त्या घराच्या भिंतीवर रंगवून मिळणेबाबत.

महोदय,

अर्जदार निंबा गिरधर पाटील, वय ७४, हा मुलगा हेमराज याच्या घरामागे, पूर्वी कापूस भरत असत त्या पत्र्याच्या खोलीत राहतो.

१. श्रावणात अर्जदाराच्या घरी कानबाई देवी बसते. रोटांचा, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांचा, गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात, आणि भाऊबंद समोर बसून मोजतात. यंदा ३ ऑगस्टला हेमराजची मूठ पडली, नातू ललितची पडली. पुढची अर्जदाराची. हेमराजने हात आवरला व म्हणाला, “आबा आते जुदा शेतस.” चुलतभाऊ भिकन म्हणाले, “घर बठ्ठं त्यास्नी बांधं, आन मूठ नही का?” तरी मूठ पडली नाही. अर्जदाराने त्या दिवशी रोट खाल्ले नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा.

२. अकरा दिवसांनी आपले पाहणीदार अभिमन आले. प्रश्न ११ : एका चुलीवर जेवणारे किती? हेमराज म्हणाला, “पाच. आबा आमनासंगेच जेवतस.” पक्के घर, दोन मोटरसायकली, फ्रीज. कुटुंब गरीब नाही, सबब अर्जदारही गरीब नाही. वृद्धांच्या मदतीचा त्याचा कागद याच उत्तरावर परत आला. म्हणजे अर्जदार देवीपुढे वेगळा आणि शासनापुढे एकत्र. प्रत्यक्षात त्याचे ताट नात भाविका मागच्या दाराने आणते, दिवसातून एकदा.

३. आपण घर मोजता. गरिबी मात्र घरातल्या घरात वय बदलत फिरते. अर्जदाराने एकाच उंबऱ्याच्या आत केलेली पाहणी अशी :

सन १९८२. माणसे चार. अर्धपोटी : मुले दोन्ही, म्हणजे शेकडा शंभर. मोठी माणसे शून्य, कारण कामावर भाकरी मिळे.
सन २००४. माणसे पाच. अर्धपोटी : कोणी नाही.
सन २०२५. माणसे पाच. अर्धपोटी : मुले शून्य, कर्ती माणसे शून्य, म्हातारी माणसे शेकडा शंभर.

४. अर्जदाराला मदत नको आहे. ती मंजूर झाली तरी घेणार नाही. त्याला भिंत हवी आहे. संदर्भ ४ मधील भिंतीवर, वीतभर अक्षरांत, लाल ऑइलपेंटने लिहावे : “या घरात माणसे पाच. चार गरीब नाहीत. एक आहे, मागच्या दाराने.” मजकूर छातीच्या वर असावा, म्हणजे मोटरसायकल लावून झाकता येणार नाही. दरवर्षी कानबाईच्या रविवारी, भाऊबंद जमल्यावर, त्यांच्यासमोर पुन्हा रंगवावा.

५. भाविकाला पाहायला कार्तिकात पाहुणे येणार आहेत. रंगकाम ते गेल्यानंतर सुरू करावे. एवढीच सवलत.

६. सन २०४१ मध्ये हेमराज पासष्ट वर्षांचा होईल. त्या वर्षी पाहणीदार पाठवून प्रश्न ११ ललितला विचारावा, आणि मिळेल ते उत्तर त्याच भिंतीवर, खालच्या ओळीत लिहावे. अर्जदार तेव्हा नसेल. रंगाचा डबा तो भिकन यांच्याकडे ठेवून जाईल.

आपल्या मोजणीत न सापडलेला,
निंबा गिरधर पाटील
दि. ९ सप्टेंबर २०२५

सोबत : १) ताट (पाहून परत करावे, भाविकाला लागते). २) भिकन यांचा सहीचा जबाब.

संदर्भ ५ चा खुलासा लिहायचा राहिला. सन १९८२ मध्ये असेच पाहणीदार दारात आले होते. “आमना घरमा कोनी उपाशी नही,” असे त्यांना अर्जदारानेच सांगितले. हेमराज सहा वर्षांचा होता आणि शेजारी उभा होता.