शेवाळाचं बघा

३ मार्च, सोमवार
पोहोचलो एकदाचा. शंभर वर्षांचं घर आणि मागे जपानी धाटणीची पाणबाग. तळं, त्यावर लाकडी पूल, पाण्यातून पलीकडे जायला सपाट दगड. मी आता इथला माळी. राहायला दोन खोल्या मिळाल्यात. येत्या रविवारी बायको येणार. तिला खुर्चीसुद्धा पुसल्याशिवाय बसवत नाही, म्हणून दुपारभर फरशी घासली. मालकीणबाई मोजकंच बोलल्या: मासे सांभाळा, आणि तेवढं शेवाळाचं बघा.

४ मार्च
बघितलं. दगडांवर बोटभर हिरवा थर, शेंबडासारखा बुळबुळीत. शी! आधीचे माळी काय झोपा काढत होते? तारेची घासणी घेऊन एकूण एक दगड लख्ख केला. खालून फिकट, सुरकुतलेले निघाले. हात मात्र खरचटले.

५ मार्च
मालकीणबाई तळ्याकाठी मटकन बसल्या. म्हणाल्या, बघा म्हणजे जपा. आता घ्या! आमच्याकडे उंदरांचं बघा म्हटलं तर कोणी त्यांना दूध पाजत नाही. पण नोकरी नवी, म्हणून माफी मागितली. शेवाळ आता राहणार कुठे, असं त्या माझ्या हातांकडे बघत पुटपुटल्या.

७ मार्च
खरचटलेल्या जागी हिरवं उगवलंय. ओलं. कुजका वास येतो. घासलं, तर संध्याकाळी दुप्पट. घास तोंडाशी नेला आणि भडभडून ओकलो.

८ मार्च
कोपरापर्यंत आलंय. खालची कातडी त्या दगडांसारखी — फिकट, सुरकुतलेली. एक दगड उलटा केला. खालच्या बाजूला कान होता. मासे तो चोखत होते.
येऊ नकोस सांगायला बायकोला फोन लावला. तोंडातून नुसता गाळ. तिला वाटलं मी आजारी आहे — सकाळच्या पहिल्याच गाडीने निघते म्हणाली.

९ मार्च, रविवार
गुडघे वाकत नाहीत. काठावर पडलोय, अर्धा पाण्यात. मालकीणबाई मायेने पाणी शिंपडून गेल्या —
बायको आली. आधी रडली. मग बाह्या सरसावल्या. वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवतोय — हात लावू नकोस — घासू नकोस — ती वाचतच नाही. म्हणते, दोन मिनिटांत लख्ख करते, तुम्ही फक्त हलू नका. तिचे हात उघडेच आहेत आणि ती